स्टेज उभं करणं सोपं, उतरवणं हा खरा धंदा



व्हिडिओत वेळेअभावी जे राहून गेलं ते इथे सविस्तर लिहितोय. विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे: परदेशातल्या मोठ्या रॉक बँडच्या टूरची स्टेजं कशी बदलत गेली. तुम्ही म्हणाल, सर, आम्ही कर्जत-खालापूरकडची माणसं, मंडप, लाइट, लग्नाचं डेकोरेशन करणारी, आमचा याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. गेल्या महिन्यात कर्जत तालुक्यातला एक मुलगा भेटायला आला. वडिलांचा मंडपाचा धंदा. बांबू, कापड, खुर्च्या, दोन जनरेटर. आता सगळीकडे फार्महाऊसवरची लग्नं, संगीतचे कार्यक्रम, त्यामुळे गिऱ्हाईक एलईडी वॉल मागतं, ट्रस मागतं. मुलाच्या हातात 15 लाखांचं कोटेशन होतं. 3 लाख घरचे, 12 लाख कर्ज. "सर, शनिवारी सही करायची आहे. करू का?"

मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. त्याला या स्टेजांची गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगतो.

15 ऑगस्ट 1965. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम. समोर 55 हजारांवर माणसं. आणि स्टेज? मैदानाच्या मध्ये एक साधा चौथरा. गाण्याचा आवाज स्टेडियमच्या त्याच भोंग्यांमधून, ज्यावरून बेसबॉलच्या खेळाडूंची नावं पुकारतात. पोरींच्या किंचाळण्यात त्या चौघांना स्वतःचं गाणंसुद्धा ऐकू येत नव्हतं. म्हणजे गिऱ्हाईक तयार होतं, पैसे मोजायला तयार होतं, पण माल पोचवायची सोयच नव्हती. धंदा नेमका अशा जागी जन्माला येतो.

पुढची दहा वर्षं सगळी धडपड आवाजाची. 1974 मध्ये ग्रेटफुल डेड नावाच्या बँडने स्टेजच्या मागे स्पीकरची भिंतच उभी केली. सुमारे 600 स्पीकर, वजन 75 टन. आवाज इतका स्वच्छ की त्याचं नाव आजही निघतं. पण ही भिंत उभी करायलाच इतका वेळ जायचा की त्यांना स्टेजचे दोन सांगाडे ठेवावे लागले. एकावर कार्यक्रम चालू असताना दुसरा पुढच्या गावात उभा होत असायचा. माणसं दुप्पट, ट्रक जादा, खर्च तर विचारू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँडने टूर थांबवल्या. कारणं बरीच होती, पण ही भिंत त्यातलं एक मोठं कारण. वस्तू उत्तम, गिऱ्हाईक खूश, आणि तरी धंदा बसला. असं आपल्याकडेही होतं, फक्त आपण त्याला "नशीब" म्हणतो.

मग आला पिंक फ्लॉइडचा 'द वॉल'. 1980-81. कल्पना भन्नाट: कार्यक्रम चालू असताना बँड आणि लोक यांच्यामध्ये विटा रचत रचत 40 फुटी भिंत उभी करायची आणि शेवटी ती पाडायची. डिझाइन करणाऱ्यांत मार्क फिशर होते, शिकून आलेले आर्किटेक्ट. त्यांनी विटा पुठ्ठ्याच्या केल्या. पडल्या तरी कुणाचं डोकं फुटत नाही. हुशारी बघा, दिसायला दगडी भिंत, प्रत्यक्षात खोका!

तरीही हिशेब जमला नाही. इतका अवजड कार्यक्रम गावोगाव नेणं परवडेना, म्हणून तो जगात फक्त चार ठिकाणी झाला आणि बँडला तोटा आला. आता गंमत ऐका. चौघांपैकी रिचर्ड राइट यांना रेकॉर्ड बनताना भागीदारीतून बाहेर काढलं होतं, ते या टूरवर पगारी वादक म्हणून वाजवत होते. तोटा तिघा मालकांनी भरला, आणि चौघांत पैसे कमावले ते एकट्या पगारदाराने. मालक व्हायची घाई झालेल्यांनी हे वाक्य परत एकदा वाचा.

याच भिंतीचा दुसरा अध्याय जास्त महत्त्वाचा. त्याच बँडचे रॉजर वॉटर्स यांनी 2010 ते 2013 मध्ये तोच कार्यक्रम पुन्हा काढला. 219 प्रयोग, 45 कोटी डॉलरहून जास्त गल्ला. भिंत तीच, विटाही पुठ्ठ्याच्याच. मग बदललं काय? भिंत उभारायची, पाडायची आणि ट्रकमध्ये भरायची पद्धत बसली होती. चित्रं प्रोजेक्टरने भिंतीवर पडत होती, म्हणजे देखावा बदलायला नवं सामान लागत नव्हतं. तीस वर्षांपूर्वी जे चार शहरांत दमलं, ते जगभर फिरलं. कल्पनेपेक्षा पॅकिंगने पैसा दिला.

आता सगळ्यात मोठं धूड. यूटू बँडची 2009 ते 2011 ची टूर. चार पायांचा लोखंडी खेकडा म्हणा, सुमारे 50 मीटर उंच, अख्खं स्टेज त्याच्या पोटाखाली. लोक त्याला पंजा म्हणायचे. असे तीन पंजे बनवले होते: एकावर कार्यक्रम, दुसरा मागच्या शहरात उतरतोय, तिसरा पुढच्या शहरात चढतोय. एका पंज्याला 37 ट्रक. बँडच्या मॅनेजरनेच सांगितलं होतं की कार्यक्रम होवो न होवो, रोजचा खर्च सुमारे साडेसात लाख डॉलर. 2010 मध्ये गायक बोनोंच्या पाठीला दुखापत झाली आणि अमेरिकेचे कार्यक्रम वर्षभर पुढे ढकलावे लागले. एका माणसाची पाठ दुखावली की एवढ्या सगळ्या हिशेबाला धक्का. शेवटी 110 कार्यक्रम झाले आणि 73 कोटी डॉलरच्या वर गल्ला आला, म्हणून ते तरले. टूर संपल्यावर त्यातला एक पंजा अमेरिकेत युटा राज्यातल्या मत्स्यालयाने घेतला, आज तो तिथे कायमचा उभा आहे. भंगारात न जाता गिऱ्हाईक मिळालं, हेही नशीबच.

ती टूर ज्यांच्या जिवावर होती ते तगून जातात. तुमच्या-माझ्यासाठी पंज्याचा धडा वेगळा आहे: उभी राहिलेली वस्तू रोज खाते.

हे आपल्या लोकांना नवीन नाही. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रेवाले येऊन सुपारी देतात. मग सुरू होतो प्रवास. आज या जत्रेत, उद्या त्या. ट्रक आला, संध्याकाळपर्यंत तंबू-स्टेज उभं, रात्री खेळ, खेळ संपला की गुंडाळून पुढे. बाबासाहेब पुरंदरेंचा 'जाणता राजा' 1985 पासून हत्ती-घोडे आणि शंभरावर कलाकार घेऊन फिरला, हजाराच्या वर प्रयोग झाले. टूर हा शब्द इंग्रजी आहे, धंदा आपलाच.

आणि आपल्या दाराशी काय आहे? एन. डी. स्टुडिओ. लोक म्हणताना कर्जत म्हणतात, पण जागा चौकजवळ हातनोलीची, खालापूर तालुक्यातली. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी तो 2005 मध्ये उभा केला. 'जोधा अकबर'चे महाल इथेच उभे राहिले. दापोलीकडचा मराठी माणूस चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवतो आणि आपल्या भागात एवढं मोठं काम आणतो, याचा अभिमान मला तेव्हाही होता, आताही आहे. पुढे 2016 आणि 2018 मध्ये घेतलेलं सुमारे 180 कोटींचं कर्ज थकून व्याजासह 252 कोटींवर गेल्याचं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. 2 ऑगस्ट 2023 ला ते गेले, त्याच स्टुडिओत. त्या दिवशी मी व्हिडिओ शूट करणार होतो, केला नाही. गेलेल्या माणसाच्या हिशेबात मी बोट घालणार नाही. एवढंच म्हणतो की जमिनीत पाय रोवलेला सेट दुसऱ्या गावी जाऊन भाडं आणत नाही. गिऱ्हाईकालाच तुमच्याकडे यावं लागतं, आणि हप्ता मात्र गिऱ्हाईकाची वाट बघत थांबत नाही.

मग आपल्या भागात संधी नाही का? उलट भरपूर आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लिटिट्झ नावाचं गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आत, आजूबाजूला शेतं, आमिश लोकांच्या घोडागाड्या. तिथल्या रॉय आणि जीन क्लेअर या भावांकडे वडिलांनी दिलेले स्पीकर होते, ते भाड्याने द्यायचे. 1966 मध्ये जवळच्या कॉलेजात एका नामांकित बँडला त्यांचा आवाज आवडला आणि बँड त्यांना टूरवरच घेऊन गेला. पुढे मायकेल टेट हे येस बँडचे लाइटवाले त्याच गावात आले, 1978 मध्ये त्यांनी स्टेज बनवायची कंपनी काढली. आज तिथे 100 फूट उंचीचा हॉल आहे, जगातले मोठे बँड टूरला निघण्याआधी अख्खं स्टेज उभं करून तिथे तालीम करतात. का तिथे? जागा स्वस्त, मोठी शहरं ट्रकने काही तासांवर, आणि वेल्डिंगवाला, वायरिंगवाला, पेटीवाला सगळे एकाच गावात.

आता आपला नकाशा बघा. खालापूरच्या टोलनाक्यावरून एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणे. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम घाट न चढता गाठता येतं. यूटू तिथे डिसेंबर 2019 मध्ये आले, कोल्डप्ले जानेवारी 2025 मध्ये तीन दिवस. खोपोलीत लोखंडाचं काम जाणणारी माणसं आहेत, स्टुडिओमुळे आजूबाजूच्या गावांतल्या अनेकांनी सेटचं काम जवळून पाहिलं आहे.

कोल्डप्लेवरून आठवलं. लोकांच्या मनगटावर ते दिव्याच्या पट्ट्या बांधतात, म्हणजे प्रेक्षकच स्टेजचा भाग होतात. कार्यक्रम संपला की पट्ट्या परत गोळा करतात, पुढच्या शहरात वापरायला. रात्री दोन वाजता खुर्च्या मोजणाऱ्या आपल्या मंडपवाल्याला हे वेगळं शिकवायला नको!

माझं स्वतःचं सांगतो. पहिल्या वर्षी एका प्रदर्शनाचा स्टॉल करायचं काम घेतलं होतं. गाळ्यातच दहा फुटी पॅनल ठोकून घेतले, रंग-पॉलिश, एकदम झकास. सकाळी टेम्पो आला तेव्हा कळलं, हौदा आठ फुटी. रस्त्यावर उभं राहून करवतीने कापले. गिऱ्हाईकाने पैसे कापले ते वेगळेच. तेव्हापासून मी काहीही बनवायच्या आधी टेम्पो मोजतो.

त्या मुलाशी आम्ही कागदावर बसलो. 12 लाख कर्ज, 12 टक्के व्याज, 5 वर्षं धरली तर हप्ता सुमारे 26,700. वर्षाचे 3 लाख 20 हजार. तो म्हणाला, "सर, वॉल वर्षाला 40 दिवस तरी जाईलच." 40 दिवस गेली तर प्रत्येक दिवशी 8 हजार नुसता हप्त्याचा भार. ऑपरेटर, टेम्पो, डिझेल, खराब झालेल्या पट्ट्या बदलणं वेगळं. शिवाय चातुर्मासात लग्नं नाहीत, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं, "40 हा आकडा आणलास कुठून?" गप्प बसला. म्हटलं, वडिलांची बुकिंगची डायरी काढ, मागच्या वर्षी किती जणांनी खरोखर वॉल मागितली ते मोज. नुसती चौकशी करणारे धरायचे नाहीत.

दुसरं सांगितलं ते रेल्वेचं. कर्जतला लहानाचा मोठा झालेल्या पोराला बँकर माहीत असतो. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, लोणावळ्याला काढून घेतात. रेल्वे ती इंजिनं मुंबईपासून पुण्यापर्यंत ओढत नेत नाही. महागडी एलईडी वॉल हा बँकर. घाट आला की भाड्याने जोड, संपला की सोड. लवकर जुनी होणारी वस्तू दुसऱ्याची असू दे. ट्रस, क्लॅम्प, केबल, चाकांच्या पेट्या या गोष्टी वर्षानुवर्षं टिकतात, त्या स्वतःच्या कर. प्रत्येक तुकड्यावर नंबर घाल, कुठला आधी चढतो, कुठला आधी उतरतो ते लिहून काढ, आणि एकदा आपल्याच अंगणात घड्याळ लावून चढव-उतरव. इन्शुरन्स आणि आग विझवायची सोय यात कंजुषी नको. फेब्रुवारी 2016 मध्ये गिरगाव चौपाटीवर मेक इन इंडियाच्या कार्यक्रमात भरल्या स्टेजला आग लागलेली सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहे.

शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला. डायरीत 19 दिवस निघाले. म्हणजे दिवसाला जवळपास 17 हजार हप्त्याचेच. कोटेशन त्याने परत केलं. घरच्या 3 लाखांत सेकंडहँड ट्रस बघितलाय, वॉल पनवेलच्या एका ओळखीच्या माणसाकडून भाड्याने घेणार आहे. अंगणात चढव-उतरव करून बघितली, वडील घड्याळ घेऊन खुर्चीवर बसले होते. चढवायला सव्वा तास, उतरवायला दोन तास दहा मिनिटं. "उतरवायला जास्त कसा लागला, सर?" म्हणून विचारत होता. मी म्हटलं, व्हिडिओ काढून पाठव, रविवारी बघू.