दंडाने औषध कंपन्यांस धडा मिळतो काय?

औषधाच्या प्रचारात लबाडी करणाऱ्या कंपनीस जबर दंड झाला की ती पुन्हा तसे धाडस करणार नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेतील अनुभव पाहता ही समजूत पुरती खरी नाही, असे आम्हांस वाटते.

तेथे औषधास मान्यता मिळते ती ठरावीक विकारांसाठी. चिकित्सक स्वतःच्या निर्णयाने ते अन्य विकारांत वापरू शकतो. कंपनीस मात्र तसा प्रचार करता येत नाही. 'न्यूरोन्टिन' या अपस्मारावरील औषधाच्या अशा प्रचाराबद्दल फायझरच्या वॉर्नर-लॅम्बर्ट या उपकंपनीने २००४ मध्ये गुन्हा कबूल केला. ४३ कोटी डॉलर भरले गेले. हा प्रचार प्रामुख्याने फायझरने ती कंपनी घेण्यापूर्वीचा होता, हे खरे. परंतु ही तडजोड होत असतानाच फायझरकडून 'बेक्स्ट्रा' या वेदनाशामकाचा अमान्य उपयोगांसाठी प्रचार चालू होता. हे औषध २००५ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले आणि २००९ मध्ये बेक्स्ट्रा व अन्य औषधांबद्दल कंपनीने २३० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

रक्कम प्रचंड वाटते. पण त्या वर्षीची कंपनीची विक्री सुमारे ५,००० कोटी डॉलर होती. म्हणजे हा दंड जेमतेम अडीच आठवड्यांच्या विक्रीएवढा! शिवाय लबाडी आज होते, नफा आज मिळतो. दंड मात्र अनेक वर्षांनी येतो आणि तो भागधारकांच्या पैशातून भरला जातो. असा दंड शिक्षा न राहता धंद्याचा खर्च ठरतो.

इन्सिस कंपनीचे प्रकरण याहून निराळे. फेंटानिलयुक्त फवारा अधिक लिहून द्यावा म्हणून डॉक्टरांना व्याख्यानांच्या मानधनाच्या नावाखाली लाच दिल्याच्या या प्रकरणात संस्थापक जॉन कपूर यांना जानेवारी २०२० मध्ये साडेपाच वर्षांचा कारावास झाला. कारावास कंपनीच्या तिजोरीतून भरता येत नाही.

ही गोष्ट परक्यांची म्हणून सोडून देता येणार नाही. मधुमेहासारख्या रोगांवर हमखास गुणाच्या जाहिरातींस आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे आणि तो आयुर्वेदीय औषधांसही लागू आहे. लाच घेणारा हात चिकित्सकाचाच असतो, हेही विसरू नये. प्रतिनिधीने केलेल्या प्रत्येक दाव्याचा आधार मागणे आणि तो न मिळाल्यास औषध न लिहिणे, न विकणे, एवढे तरी वैद्यबंधूंच्या व औषधविक्रेत्यांच्या हाती निश्चित आहे.