जर्मन गाडीत बसण्यापूर्वी अर्धा तास



सुक्कोथ आटोपल्यावर आम्ही दोघं आणि आमच्या थोरल्या मेहुणीबाई, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, असे तिघं जर्मनीला जाऊन आलो. ताईंची लेक आणि जावई श्टुटगार्टला असतात. नातीला बघून चार वर्षं झाली होती. बेत असा, की फ्रँकफर्टला उतरायचं, भाड्याची छोटी गाडी घ्यायची, वाटेत वर्म्स आणि श्पायरची जुनी यहुदी ठिकाणं बघायची आणि रात्रीच्या जेवणाला लेकीकडे पोचायचं.

भाड्याच्या खिडकीवर कळलं, की छोटी गाडी शिल्लक नाही, त्याच पैशात मोठी देतो. आम्ही मनात खूश झालो. खाली जाऊन बघतो तर ही लांबलचक काळी गाडी! कातड्याच्या सीटा, समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेचा पडदा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक गाडीची नव्हती, आमची होती.

ताई मात्र दाराशीच थबकल्या. "जर्मन गाडी आहे ना ही?" म्हणाल्या. लोदला त्यांच्या बिल्डिंगमध्ये पोलंडहून आलेल्या एक आजी राहायच्या, हातावर नंबर गोंदलेला. त्या आजी घरात जर्मन रेडिओसुद्धा येऊ देत नसत. आपल्या बेने इस्राएल घरांवर तो घाला पडला नाही, पण शेजारपाजार तसा असला की माणूस शिकतोच. आम्ही म्हटलं, "ताई, जर्मनीत आलोय, इथे कुठली गाडी मिळणार?" त्या काही न बोलता मागे बसल्या. आम्ही तेफिलात हादेरेख म्हटली, बटण दाबलं आणि निघालो. म्हणजे, निघणार होतो. गाडी सुरूच होईना! ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं तरच इंजिन लागतं, नाहीतर नुसते दिवे लागतात, हे एका तरुणाने खिडकीपाशी येऊन सांगितलं. तिथेच शहाणपण यायला हवं होतं.

वर्म्सपर्यंत सगळं ठीक गेलं. तिथलं कब्रस्तान युरोपात टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या यहुदी कब्रस्तानांपैकी, कबरी अकराव्या शतकापासूनच्या. राशी याच गावात शिकले. 2021 साली वर्म्स, श्पायर आणि माइन्त्स या तिन्ही ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू. तिथे पावसात भिजलो, ओले कोट अंगावर तसेच, आणि श्पायरच्या दिशेने ए 61 या आउटोबानला लागलो. पुढच्या ट्रकचा धूर येतोय म्हणून आमच्या हिने एक बटण दाबलं, ज्यावर गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण होता. धूर थांबला. पाच-सात मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली.

आधी वाटलं बाहेरचा पाऊस आहे, म्हणून वायपर जोरात केला. काही उपयोग नाही. हाताने पुसलं तर आणखी धुरकट. ही पडद्यावर बोटं मारतेय, पडदा जर्मनमध्ये बोलतोय, शेजारून ट्रक पाणी उडवत जातायत, मागून एक गाडी डोळे मिचकावतेय. शंभरच्या वेगात समोरचं काही दिसत नाही, ही अवस्था कोणाला न येवो. मागून ताई फक्त "शेमा" पुटपुटत होत्या. शेवटी लाल त्रिकोणाचं बटण तेवढं ओळखीचं होतं, ते दाबलं, काच चार बोटं खाली केली, वेग कमी करत उजवीकडच्या लेनला आलो आणि पुढच्या विश्रांतीच्या जागी गाडी उभी केली. पाय थरथरत होते हे लिहायला लाज कसली?

रात्री जेवणावर हा प्रकार सांगितला. जावईबापू गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक पार्टांच्या कारखान्यात आहेत. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. "काका, उद्या सकाळी अर्धा तास द्या," एवढंच म्हणाले. तो अर्धा तास आम्ही फ्रँकफर्टलाच द्यायला हवा होता. तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं आता युरोपात आहेत, जाणं-येणं होतं, म्हणून त्यांनी शिकवलेलं इथे उतरवतो.

पहिलं काचेचं. गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण म्हणजे बाहेरची हवा बंद, आतलीच हवा फिरत राहणार. धूर किंवा बोगदा असेल तर दोन मिनिटं ठीक. पण तीन माणसांचे श्वास आणि ओले कोट यांचा दमटपणा आतच कोंडतो, काच थंड असते, तिच्यावर दव धरतं. चहाच्या भांड्यावरच्या झाकणासारखंच की! उपाय म्हणजे बाहेरची हवा चालू, एसी चालू आणि हवा काचेवर. हो, थंडीतसुद्धा एसी, कारण तो हवा थंड करता करता तिच्यातलं पाणी काढून घेतो. हे सगळं एकदम करणारं एक बटण असतं, त्यावर कमानीसारखी काच आणि तीन वळणदार बाण. चौकोनी काच असेल तर ती मागची. हे बटण काही गाड्यांत खरोखरीचं असतं, काहींत पडद्याच्या तळाशी. गाडी हलवण्याआधी ते बोटाने दाबून बघायचंच, असा जावईबापूंचा हुकूम.

मग दिवे. डावीकडे गोल खटका असतो, तो 'ऑटो'वर ठेवला की आपण निर्धास्त. पण हा ऑटो अंधार ओळखतो, धुकं ओळखेलच असं नाही. दिवसाढवळ्या धुक्यात किंवा पावसाच्या फवाऱ्यात पुढे बारीक दिवे लागलेले असतात, मागे मात्र काहीच नाही, आणि मागून येणाऱ्याला आपण दिसतच नाही. म्हणजे ती डोळे मिचकावणारी गाडी आम्हाला शिव्या देत नव्हती, सावध करत होती! अशा वेळी खटका स्वतः फिरवून दिवे लावावेत, समोर हिरवी खूण येते. मागचा धुक्याचा दिवा वेगळा, त्याची खूण पिवळसर. जर्मनीत तो पन्नास मीटरच्या आतलंच दिसत असेल तेव्हाच लावता येतो, आणि तेव्हा वेगही ताशी 50 किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. रंगांचा हिशेब सगळीकडे एकच: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर बघून घ्या, हिरवा-निळा म्हणजे अमुक चालू आहे एवढंच.

दांड्यांचं प्रकरण ठाण्या-मुंबईहून येणाऱ्यांसाठी. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, इथे डाव्या. त्यामुळे वळताना वायपर लावणारे आपले पाहुणे जावईबापूंनी पुष्कळ पाहिलेत. त्यातून मर्सिडीजच्या बऱ्याच मॉडेलांत उजवी दांडी वायपरची नसतेच, ती गिअरची असते: खाली केली की पुढे, वर केली की रिव्हर्स, टोकाचं बटण दाबलं की पार्किंग. वायपर डाव्या दांडीवर, इंडिकेटरच्या सोबत. हातब्रेकचंही तसंच. आता तो बोटाएवढा खटका झालाय. बहुतेक गाड्यांत वर ओढला की लागतो, काहींत दाबला की लागतो. उभ्या गाडीत एकदा लावून-सोडून पाहावं.

गाडी मधूनच टिणटिण करते त्याचा ताईंना फार राग. 7 जुलै 2024 पासून युरोपियन युनियनमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादा ओलांडली की इशारा देणारी व्यवस्था सक्तीची झाली. ती बंद करता येते, पण इंजिन पुन्हा सुरू केलं की परत हजर. सासूसारखी, असं आमची ही म्हणाली. (ताई हसल्या नाहीत.) आउटोबानवर मर्यादा नसलेल्या भागातसुद्धा 1978 पासून 130 चा वेग शिफारशीचा आहे, आणि आमच्या वयाला तो भरपूर झाला. लेन सोडली की स्टिअरिंग आपणहून ओढ घेतं, तेव्हा घाबरून उलट झटका देऊ नये, नुसतं घट्ट धरावं. घसरती गाडी सावरणारं ईएसपी 1995 साली मर्सिडीजच्या मोठ्या कूपेत प्रथम आलं. त्याचं बटण, गाडीमागे नागमोडी रेघा असलेलं, कधी बंद करू नये.

आता पडद्याबद्दल आमचं स्पष्ट मत. 2001 साली बीएमडब्ल्यूने मोठ्या गाडीत सगळी बटणं एका गोल चाकात कोंबली तेव्हा लोकांनी बोटं मोडली होती. आज ते चाकसुद्धा पुष्कळ गाड्यांतून गेलं आणि उरली काच. 2022 साली स्वीडनच्या 'वी बिलएगारे' या मासिकाने ताशी 110 च्या वेगात चार साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. 2005 सालच्या बटणांच्या व्होल्व्होत दहा सेकंद, तेवढ्यात गाडी 306 मीटर पुढे. सगळ्यात वाईट निघालेल्या पडद्याच्या गाडीत 44.6 सेकंद, म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त! आणि जर्मनीत हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. एक टेस्लाचालक जोराच्या पावसात पडद्यावरून वायपरचा वेग बदलत होता, गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. त्याला 200 युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी झाली, आणि 2020 साली कार्ल्सरुहेच्या वरिष्ठ न्यायालयाने ती कायम ठेवली. गाडीतला पडदासुद्धा मोबाइलसारखंच उपकरण, नजर घालवाल तर गुन्हा, असं न्यायालयाचं म्हणणं. आमची बोटं त्या दिवशी काय करत होती ते आठवून घास अडकला. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि मदतीचं बटण ही पाच खरीखुरी असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं. देर आए!

पडद्याची भाषा कशी बदलायची तेही सांगतो. 'आइनश्टेलुंगन' म्हणजे सेटिंग, त्यात 'श्प्राखं' म्हणजे भाषा. लेकीच्या शेजारची यिद्दिश जाणणारी बाई म्हणाली, आमच्यातही भाषेला श्प्राखच म्हणतात. ताई जरा वेळ गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी जावईबापू आम्हाला मर्सिडीजच्या संग्रहालयात घेऊन गेले. ताई येणार नव्हत्या, नातीने हात धरून आणलं. तिथे कळलेली गोष्ट सांगतो. एमिल येलिनेक नावाचा व्यापारी, 1853 साली लाइपत्सिगला जन्मलेला. वडील राब्बी अडोल्फ येलिनेक, व्हिएन्नाचे नावाजलेले धर्मोपदेशक, जुने मिद्राश शोधून छापणारे विद्वान. मुलाला मात्र नाद वेगाचा. नीस शहरात राहून तो डाइम्लर कंपनीच्या गाड्या श्रीमंतांना विकायचा. 1900 साली त्याने 36 गाड्यांची ऑर्डर दिली: इंजिन दमदार हवं, गाडी बुटकी आणि लांब हवी. आणि तिला नाव माझ्या मुलीचं. मुलगी मर्सेडेस, तेव्हा दहा-अकरा वर्षांची. 1902 साली ते नाव रजिस्टर झालं. म्हणजे जगातल्या या भारी जर्मन गाडीवर राब्बीच्या नातीचं नाव! राब्बी ज्या सिनेगॉगमध्ये उपदेश करत, ते लिओपोल्डश्टाटचं मंदिर 1938 च्या नोव्हेंबरात नाझींनी जाळलं. त्या राजवटीत याच कंपनीच्या कारखान्यांत हजारो माणसं सक्तीने राबवली गेली, आणि संग्रहालयात तेही मांडलेलं आहे. जर्मन सरकार आणि उद्योगांनी अशा कामगारांसाठी निधी उभारला तो 2000 साली, तोवर बहुतेक जण गेले होते. ताई त्या फोटोंपुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की नात कंटाळून खाली बसली. "त्या आजींना हे राब्बीचं ठाऊक होतं का कोण जाणे," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी एक नवीच अडचण. किल्ली खिशात असली की या गाड्या माणूस जवळ येताच दिवे लावतात, दारं उघडतात. शब्बाथला गाडीजवळून नुसतं चालत गेलो तरी दिवे पेटायचे! किल्ली घरात, गाडीपासून लांब ठेवावी, किंवा सेटिंगमध्ये जाऊन ही सोय शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बंद करावी. आम्ही किल्ली ताईंच्या पिठाच्या डब्याशेजारी ठेवली आणि रविवारी सकाळी अर्धा तास शोधली.

परतताना गाडी आम्हीच चालवली, पुन्हा पावसात. काच एकदाही धरली नाही. पेट्रोल भरताना टाकीचं झाकण कुठल्या बाजूला ते बघायला उतरावं लागलं नाही, समोरच्या पंपाच्या चित्राजवळचा बारीक त्रिकोण ती बाजू दाखवतो. फ्रँकफर्टला किल्ली देण्याआधी फोनच्या यादीतून आपला फोन पुसायचा, असं जावईबापूंनी बजावलं होतं, नाहीतर आपले नंबर आणि पत्ते गाडीतच राहतात. यादी उघडली तर आमच्या आधीच्या सहा जणांची नावं तशीच होती. आमचं नाव आम्ही पुसलं. ताई मागून म्हणाल्या, "त्या बिचाऱ्यांचीपण पुसा की." मग तीही पुसली. उतरण्यापूर्वी त्यांनी आणखी एक विचारलं, सीट गरम होते म्हणतात ते बटण कुठलं, आणि विमानाला वेळ होता तेवढी दहा मिनिटं ते लावून बसल्या.