चॅनल कॅटफिशची पिले आणि तळ्यातील शिकारी कीटक

अमेरिकेतील मिसिसिपी, अलाबामा व अर्कान्सास या राज्यांत तळ्यांतून मोठ्या प्रमाणावर वाढविला जाणारा खाद्यमासा म्हणजे चॅनल कॅटफिश, शास्त्रीय नाव इक्टालुरस पंक्टॅटस. आपल्या मागूर-शिंगाळ्यांच्याच गणातील हा मासा. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, शेपटी खोलवर दुभंगलेली आणि कोवळ्या वयात अंगावर काळे ठिपके.

अंडी राखण्याचे काम नराचे. कपारीत किंवा पोकळ ओंडक्यात मादीने अंडी घातली की तो तिला हुसकावून लावतो आणि परांनी वारा घातल्यासारखे पाणी खेळते ठेवतो. मत्स्यशेतकरी मात्र तळ्यात ठेवलेल्या डब्यांतून अंड्यांचे पुंजके उचलून उबवणी केंद्रात नेतात. सुमारे २६ अंश सेल्सिअसला आठवड्याभरात पिले बाहेर पडतात. पुढे संगोपन तळ्यात सोडताना त्यांची लांबी जेमतेम सेंटीमीटरभर असते आणि बापाचा पहारा उरलेला नसतो.

येथे कीटकशास्त्राचा संबंध येतो. तळे भरताच पाठीवर पोहणारे नोटोनेक्टा व पाणभुंगेरे उडत येऊन वस्ती करतात. नोटोनेक्टा सोंड खुपसून पिलाचा अंतर्रस शोषतो. तळे फार आधी भरावे तर कीटक माजतात, ऐनवेळी भरावे तर पिलांचे खाद्य असलेले प्राणिप्लवंग तयार होत नाहीत. हा पेच आपल्या कार्प संगोपकांनाही नवा नाही.

त्यावर तेथे डिझेल व इंजिन तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरतात. हे कीटक हवेसाठी पृष्ठभागावर येतात. तेल त्यांचे श्वसन रोखते. वारा असेल तर थर एका काठाला ढकलला जातो व खर्च वाया जातो. वायुवीजन यंत्रही तेवढा वेळ बंद ठेवावे लागते; म्हणून प्राणवायू सर्वांत कमी असणारी पहाटेची वेळ टाळावी. चतुराच्या अळ्यांवर मात्र तेलाचा उपयोग नाही, कारण त्या गुदमार्गातील कल्ल्यांनी पाण्यातलाच प्राणवायू घेतात.

आपल्याकडे हेच तत्त्व साबण-तेलाच्या मिश्रणात वापरले जाते : हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल व १८ किलो साबण, मत्स्यजिरे सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास. डिझेलपेक्षा हा मार्ग मला अधिक पसंत आहे. तीन दिवसांचे कार्पचे जिरे कॅटफिशच्या पिलापेक्षाही लहान असते. त्यामुळे बारीक जाळे फिरवून कीटक पाहिल्याशिवाय ते सोडू नये.