लिस्बनचा पहिला दिवस बेलेमला देऊ नये

पाठीवर सॅक अडकवून युरोप पाहायला निघालेल्या तरुणांच्या वाटेवर लिस्बन आता हमखास असते. पश्चिम युरोपातल्या इतर बऱ्याच राजधान्यांच्या मानाने इथे राहणे-खाणे परवडते, हिवाळाही सोसण्याजोगा असतो आणि मेट्रो थेट विमानतळाच्या दारातून मिळते. हॉस्टेलच्या लॉकरमध्ये सामान टाकले की आधी कुठे जायचे, हा प्रश्न येतो आणि त्याचे ठरलेले उत्तर म्हणजे बेलेम. वास्को द गामाची कबर असलेला जेरोनिमुश मठ, तेजो नदीच्या काठावरचा नक्षीदार बुरूज, दर्यावर्दींचे भलेथोरले स्मारक आणि जवळच कस्टर्डच्या गरमागरम टार्टची जुनी बेकरी, एवढे सगळे एका दुपारात उरकते. बेलेम पाहूच नये असे कुणी म्हणणार नाही. पण पहिला दिवस तिथे घालवू नये, असे मला ठामपणे वाटते. अनोळखी शहरात पहिल्या दिवशी जे दिसते, त्याच्याच मापाने पुढचे सगळे मोजले जाते. आणि बेलेम या शहराचे फार अपुरे माप देते.

त्याचे कारण १ नोव्हेंबर १७५५ या तारखेत आहे. सर्व संतांचा सण होता, चर्चमध्ये माणसे दाटली होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. सकाळी साडेनऊनंतर भूकंपाने शहर हादरले, थोड्या वेळाने समुद्र नदीतून आत घुसला आणि मग अनेक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा त्यातल्या प्रचंड ग्रंथालयासह गेला. त्याच वर्षी मोठ्या थाटात सुरू झालेले ऑपेरागृहही गेले. बेलेमचे मठ आणि बुरूज मात्र वाचले. राजा दों जुझे त्या दिवशी कुटुंबासह बेलेमच्या बाजूला होता, म्हणून तोही वाचला. म्हणजे बेलेमला गेलेल्या माणसाला दिसते ते आपत्तीतून सहीसलामत सुटलेले वैभव. ज्या लिस्बनने ती आपत्ती अंगावर घेतली आणि मग स्वतःला नव्याने उभे केले, ते तिथून सहा-सात किलोमीटरवर आहे आणि ते पायीच पाहावे लागते.

सुरुवात करावी ती नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिउ या चौकातून. पडलेला राजवाडा इथेच होता. स्थानिक लोक आजही या चौकाला राजवाड्याच्याच नावाने ओळखतात. मधोमध दों जुझेचा १७७५ सालचा अश्वारूढ पुतळा आहे आणि मागच्या कमानीतून बायशा या सखल पेठेतले सरळसोट रस्ते सुरू होतात. रस्त्यांची नावे वाचत जावे: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, खोगीरकारांचा. कोणत्या व्यवसायाने कुठे बसायचे हे नकाशावर आखून ही पेठ वसवली. मानुएल द माया हा वृद्ध लष्करी अभियंता आणि त्याचे सहकारी यांनी आराखडे केले, आणि ते अमलात आणले पुढे मार्किस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने. या इमारती बाहेरून इतक्या एकसारख्या की पाहणारा पाच मिनिटांत कंटाळेल. त्यांची खरी गंमत भिंतींच्या आत आहे. दगड-चुन्याच्या भिंतीत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला आहे, प्रत्येक चौकटीत दोन तिरक्या फळ्या फुलीसारख्या जडवलेल्या, म्हणजे जमीन हलली तर पिंजरा लवेल पण कोसळणार नाही. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांच्या तुकड्या पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली, असे सांगतात. खोगीरकारांच्या रस्त्यावर एका बँकेच्या तळघरात उत्खनन जपून ठेवले आहे. तिथे रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या टाक्या आहेत आणि पाणथळ जमिनीत पायासाठी ठोकलेले लाकडी खुंटही आहेत. पोंबालने तर गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली होती: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी ओसरला की चढला, माणसे किती दगावली. भूकंप हा देवाचा कोप आहे असे सांगितले जात असताना एका सरकारने असे प्रश्न विचारावेत, याचे मोल फार आहे. पोंबाल संत नव्हता. भूकंपाला पापाची शिक्षा म्हणणाऱ्या मालाग्रिदा या जेझुइट पाद्र्याला पुढे १७६१ साली याच पेठेच्या टोकाला रोसियु चौकात मारून जाळण्यात आले. शहर उभारणारी सत्ता आणि माणूस जाळणारी सत्ता एकच होती, हे पाच-सात मिनिटांच्या चालीत समजते.

रोसियुच्या कडेला सांव दुमिंगुश चर्च आहे. १९५९च्या आगीत होरपळलेले त्याचे खांब डागडुजी न करता तसेच ठेवले आहेत. दगडाचे टवके उडालेले, कडा झिजून गोल झालेल्या. बाहेर १५०६ साली इथे कत्तल झालेल्या ज्यूंचे स्मारक आहे. बहुधा अशाच धाकामुळे ज्यू कुळातला वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्याला निघून आला आणि त्याने १५६३ साली गोव्यात आपला वनौषधींवरचा ग्रंथ छापला. तो वारल्यावर इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

तिथून चढ चढून कार्मुला जावे. भूकंपात या चर्चचे छप्पर गेले. पुन्हा बांधायला घेतलेले काम १८३४ साली मठच बरखास्त झाल्यावर थांबले, ते थांबलेच. आज उघड्या आभाळाखाली नुसत्या टोकदार कमानी उभ्या आहेत. पण मराठी माणसाने चर्चसमोरच्या चौकात थांबावे याचे आणखी एक कारण आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी शेजारच्या लष्करी पोलिसांच्या मुख्यालयात पंतप्रधान मार्सेलु कायतानु आश्रयाला होता. कॅप्टन साल्गेइरु माया याच्या तुकडीने त्याला वेढले, लोकांनी चौक भरून गेला आणि संध्याकाळपर्यंत ४८ वर्षांची हुकूमशाही संपली. गोवा मुक्त झाला १९६१ साली, पण पोर्तुगालने ते मान्य करून भारताशी करार केला तो या क्रांतीनंतर, १९७४च्या डिसेंबरात. मधल्या काळात काय चालले होते हे मोहन रानडे यांच्या आयुष्यावरून कळते. सांगलीचे रानडे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात लढले आणि १९५५ साली जखमी अवस्थेत पकडले गेले. गोवा स्वतंत्र झाल्यावरही ते लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात होते. सुटले १९६९ साली. त्याच राजवटीने पोर्तुगीज विरोधकांना जिथे कोंडले तो अल्जुबचा तुरुंग अल्फामा या जुन्या वस्तीच्या चढावर, कॅथेड्रलच्या शेजारी आहे. तिथे २०१५पासून संग्रहालय आहे. जेमतेम एक मीटर रुंदीच्या कोठड्या, निजायला एक फळी आणि दार लावल्यावर अंधार. त्या कोठडीसमोर उभे राहिल्यावर हुकूमशहा सालाझारचा पोर्तुगाल आणि पोर्तुगालची माणसे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. लिस्बनच्या विमानतळाला ज्याचे नाव आहे तो जनरल देल्गादु याच राजवटीच्या गुप्त पोलिसांनी १९६५ साली मारला. आणि बायशाजवळच्या नदीकाठावरून दिसणारा लाल झुलता पूल १९६६ साली सालाझारच्या नावाने उघडला गेला. आज तो २५ एप्रिलचा पूल आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की भारतीय माणसाला लिस्बनमध्ये गामाच जवळचा, मग आधी त्याच्याकडे का जाऊ नये? आक्षेप वजनदार आहे. वसईचा किल्ला किंवा जुन्या गोव्याची चर्च पाहिलेल्या मुलाला गामाच्या कबरीशी ओळख असल्यासारखे वाटणारच. पण बेलेममध्ये ही ओळख एकाच बाजूने होते. नदीकाठचे ते दर्यावर्दींचे स्मारक आधी १९४० साली सालाझारच्या प्रदर्शनासाठी तात्पुरते बांधले आणि १९६० साली दगड-काँक्रीटमध्ये कायम केले. रानडे तेव्हा त्याच राजवटीच्या कैदेत होते. अल्जुब न पाहता ते स्मारक पाहिले तर ते पंधराव्या-सोळाव्या शतकाचे वाटते. अल्जुब पाहून गेल्यावर ते विसाव्या शतकाचे आहे हे लक्षात येते.

दुसरा आक्षेप तरुणांचाच असतो: पहिला दिवस भटकण्यासाठी आहे, इतिहासाच्या तासासाठी नाही. मान्य. पण या वाटेवर भटकणे काही कमी होत नाही. चौक, रस्ते, चढ, टेकडीवरचे सज्जे यांना तिकीट नाही. २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी रांगेत तासभर घालवण्यापेक्षा तिच्याच रुळांकडेने चालत चढावे. बूट मात्र चांगल्या पकडीचे हवेत, कारण चुनखडीचे ते पांढरे चौकोनी दगड पावसात निसरडे होतात. भूक लागली तर कोणत्याही साध्या कॅफेच्या काचेत समोसा दिसेल. तो गोवा आणि मोझांबिककडून आलेल्या लोकांमुळे तिथे रुळला. आणि मार्ती मोनीशजवळच्या गल्लीत बांगलादेशी, भारतीय दुकानांची रांगच आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वात खरा वाटतो. अल्फामा आता पर्यटकांचीच झाली आहे, जुन्या रहिवाशांची घरे भाड्याच्या खोल्या झाली आहेत, मग तिथे आणखी एक सॅकवाला पाठवायचा का? पोर्तुगाल सरकारने २०२३ साली अशा खोल्यांचे नवे परवाने बऱ्याच भागांत रोखले होते, पुढच्या वर्षी धोरण सैल केले. त्यामुळे निवड प्रवाशाच्या हातात उरते. अल्फामातल्या घरात न राहता हॉस्टेलमध्ये उतरावे, टुकटुक टाळावी, रात्री गल्लीत आवाज करू नये, खाणे-पिणे तिथल्या छोट्या दुकानांत करावे.

दिवस संपवायला सांता लुझियाचा सज्जा उत्तम. बहुतेक लोक कठड्याकडे तोंड करून नदीचे फोटो काढतात. पाठीमागे चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे चित्र आहे. सकाळी पाहिलेलाच चौक त्यात आहे, पण भूकंपापूर्वीचा, राजवाडा आणि त्याच्या नदीकडच्या बुरुजासह. सकाळी जिथे मोकळी जागा पाहिली तिथे काय होते हे इथे कळते. दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून १५ नंबरची ट्राम बेलेमला जाते. सोमवारी मात्र जाऊ नये, जेरोनिमुश बंद असतो.