शेताचे तुकडे आणि शनिवार पेठेतल्या खोल्या



आपल्या रानाचा सातबारा वडलांकडून मागून घ्या आणि त्यावरची नावे मोजा. जिथे पणजोबांचे एकच नाव होते, तिथे आता बऱ्याच घरी आठ-दहा नावे सापडतील.

हे आजचे नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ साली छापला. १७७१ साली, म्हणजे शनिवार पेठेतल्या शनिवारवाड्यात पेशवे नांदत होते तेव्हा, त्या गावात एका खातेदाराला सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती राहिली ७ एकर! साऱ्या महाराष्ट्राचे पाहिले तर १९७०-७१ साली सरासरी साडेदहा एकर होती, २०१५-१६ साली सव्वातीन.

वाटणीच्या वेळी प्रत्येक भाऊ म्हणतो, "मला काळ्या रानातलंबी पाहिजे अन् विहिरीजवळचंबी." मग प्रत्येक रानाचे निराळे तुकडे पडतात. १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला, पण घरातल्या घरात वाटण्या चालूच राहिल्या. बांधात जमीन जाते ती जाते, वर बांधावरून भांडणे!

तुकडा लहान झाला की बैलजोडी परवडत नाही. दोन एकरांच्या कडब्यावर दोन बैल वर्षभर कसे पोसायचे? मग तासावर ट्रॅक्टर येतो. पूर्वी सावड असे, म्हणजे आज तुमची जोडी आमच्या रानात, उद्या आमची तुमच्या. बैल गेले, सावड मोडली. औत करणारा सुतार आणि फाळ पाजवणारा लोहार यांचेही काम गेले. पोळ्याला कितीतरी घरांत आता मातीच्याच बैलांची पूजा होते.

आणि थोरली मुले? कोणी कारखान्यात जातात. शिकलेली पुष्कळशी पुण्याच्या शनिवार, नारायण, सदाशिव पेठांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. एका खोलीत तिघे-चौघे, दिवसभर अभ्यासिका, जेवायला मेस. घरून दुधाच्या पगारातले पैसे जातात. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, त्यामुळे वर्षामागून वर्षे तिथेच जातात.

तरणी माणसे गेली की गावात लहान मुलेही कमी होतात. शाळेचा पट घसरतो. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले होते. तशी वेळ आली तर पहिलीतल्या पोराला ओढा ओलांडून रोज दुसऱ्या गावी कोण नेणार, हे घरी राहिलेल्या आजी-आजोबांनाच ठरवावे लागेल.