टिकचे दीर्घकालीन विकार आणि वर्तनोपचार

टिक म्हणजे काय
अचानक, झटक्यासरशी आणि वारंवार होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज म्हणजे टिक. डोळे मिचकावणे, मान झटकणे, खांदा उडवणे या हालचालींच्या टिक. घसा खाकरणे, नाक ओढणे या आवाजाच्या टिक. अठराव्या वर्षाआधी सुरू होऊन वर्षाहून अधिक काळ राहिल्यास विकार दीर्घकालीन ठरतो. अनेक हालचाली आणि किमान एक आवाज असे दोन्ही आढळल्यास त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच वैद्य जॉर्ज जिल द ला टूरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले.

टिक का टिकून राहते
मूळ मेंदूच्या जडणघडणीत आणि आनुवंशिकतेत असते. लाड किंवा खोडसाळपणा हे कारण नव्हे. मात्र टिकपूर्वी अनेकांना त्या भागात ताण किंवा हुळहुळ जाणवते. टिक केली की ती क्षणभर शमते आणि हा दिलासाच पुढच्या टिकला बळ देतो. वर्तनोपचार हाच दुवा तोडतो.

सवय-परिवर्तन
नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये ही पद्धत मांडली. प्रथम रुग्ण टिकची पूर्वसूचना ओळखायला शिकतो. ती जाणवताच टिकच्या आड येणारी, चारचौघांत न खटकणारी कृती तो मिनिटभर किंवा ओढ ओसरेपर्यंत करतो. घसा खाकरण्याऐवजी नाकाने संथ श्वास, मान झटकण्याऐवजी हनुवटी किंचित खाली घेऊन मान स्थिर धरणे, ही त्याची उदाहरणे.

घर आणि शाळा
थकवा, परीक्षेचा ताण, उत्साह आणि टोकणे यांनी टिक वाढू शकते. म्हणून सीबीआयटी (टिकसाठीचा सर्वंकष वर्तनोपचार) या विस्तारित उपचारात सवय-परिवर्तनाला शिथिलीकरणाची आणि परिसरातील बदलांची जोड असते. पालक टिककडे दुर्लक्ष करतात, सरावाचे कौतुक करतात. शिक्षक वर्गासमोर रागावणे टाळतात. रागावल्याने ताण वाढतो आणि ताणाने टिक, म्हणून हा भाग मूळ सरावाइतकाच महत्त्वाचा.

परिणाम आणि मर्यादा
अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९ ते १७ वर्षांची १२६ मुले होती. दहा आठवड्यांतील आठ सत्रांनंतर सीबीआयटी घेतलेल्या सुमारे ५३ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली; माहिती आणि आधार मिळालेल्या गटात सुमारे १९ टक्के. म्हणजे उपचार प्रभावी आहे, पण सर्वांना लागू पडत नाही आणि विकार मुळासकट जात नाही. अगदी लहान मुलांना पूर्वसूचना ओळखणे अवघड जाते. तीव्र टिकसाठी औषधांची गरज पडू शकते. सोबत अतिचंचलता किंवा मंत्रचळ असल्यास त्यावरही उपचार लागतात.

जळगाव-धुळ्यातील वाट
या उपचाराला यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ आणि नियमित सराव. डोळे मिचकावणारे मूल आधी नेत्रतज्ज्ञाकडे आणि खाकरणारे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाते. तिथे दोष न आढळल्यास टिकचा विचार व्हायला हवा. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये ही जिल्ह्यातच चौकशीची पहिली ठिकाणे ठरू शकतात. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मार्गदर्शन मिळते. चोपडा किंवा शिरपूरहून दर आठवड्याला येणे कठीण असल्यास व्हिडिओ-कॉलवरील सत्रेही उपयोगी पडतात. तपासणीच्या खोलीत टिक बऱ्याचदा दबलेली असते. म्हणून ती केव्हा वाढते याची नोंद आणि मोबाइलवरील छोटे चित्रीकरण सोबत नेल्यास निदान सोपे होते.