पुस्तक कानांनीही वाचता येतं



श्रावणात पोथी लागते तेव्हा वाचणारी एक असते आणि ऐकणाऱ्या वीस. त्यांतल्या कितीजणींना अक्षरं येतात, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या वारली लग्नात धवलेरी गाणी म्हणते, तीही कागदात बघून नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. तेव्हा ‘शाळा सुटली, आता पुस्तक माझ्यासाठी नाही’ हे आधी मनातून काढू या.

कुणीतरी वाचून रेकॉर्ड केलेलं पुस्तक म्हणजे ऑडिओबुक. स्टोरीटेलसारख्या ॲपवर पैसे भरून मराठी पुस्तकं ऐकता येतात. यूट्यूबवर काही फुकटही मिळतात. नेट पुरत नसेल तर ॲपमध्ये पुस्तक आधी डाउनलोड करून ठेवावं, मग नेटशिवाय चालतं. घरात फोन एकच असेल, तर गटातल्या एकीच्या फोनवर सगळ्यांनी मिळून ऐकावं.

सवय लागते ती ठरलेल्या वेळेमुळे. वेगळा वेळ काढायला गेलो तर तो कधीच निघत नाही. म्हणून रोजच्या एखाद्या कामाला ऐकणं जोडून टाकावं: तांदूळ निवडताना, मोगऱ्याच्या कळ्या खुडताना, मासळी वाळत घालताना. पंधरा मिनिटं पुरे. बोईसरच्या कारखान्यात जाणाऱ्या बहिणींनी गाडीत बसल्यावर ऐकावं. पण रूळ किंवा रस्ता ओलांडताना आणि मशीनजवळ कानात काही नको. तिथे कान उघडेच हवेत.

सुरुवात कुठून करायची? आम्ही ‘श्यामची आई’ सुचवतो. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री आहेत. रोज एक ऐकली तर सहा आठवड्यांत पुस्तक पूर्ण!

या पुस्तकाची आणखी एक सोय आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं पुस्तकाचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून हे पुस्तक सर्वांसाठी मोकळं आहे. म्हणजे गटातली एखादी सून किंवा शाळेत जाणारी मुलगी ते वाचून आपल्या फोनवर रेकॉर्ड करू शकते. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरावा आणि एका वेळी एकच रात्र वाचावी. मग ती गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकावी. आई ऐकते, लेकीचं वाचन सुधारतं. नव्या पुस्तकांचं मात्र असं करू नये. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे आपल्या तलासरी-डहाणूच्या वारल्यांच्या लढ्याचं पुस्तक आहे, १९७० सालचं. त्याचा हक्क अजून शाबूत आहे. ते ग्रंथालयातून आणून बैठकीत मोठ्याने वाचावं.

ज्यांना अक्षरं येतात पण वाचताना अडखळायला होतं, त्यांनी ऐकताना पुस्तक समोर ठेवावं आणि ओळीवरून बोट फिरवावं. कानावर पडलेला शब्द डोळ्यांना लवकर सापडतो. हळूहळू बसची पाटी, बँकेचा कागद, औषधाची चिठ्ठी वाचायलाही धीर येतो. सही करण्याआधी कागद आपला आपण वाचता येणं, ही काही लहान गोष्ट नाही.

येत्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाला की पहिली रात्र लावा. ऐकून झाल्यावर प्रत्येकीने एक वाक्य बोलावं: तिला काय आठवलं, काय पटलं नाही. वारली, मांगेली, वाडवळी, ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत. दुसऱ्या दिवशी पुढची रात्र ऐकायची आठवण मग कुणी करून द्यावी लागणार नाही.